५०० ग्रॅम उचलणारा ट्रिगर

माझं वर्कशॉप सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. काम बहुतेक मागाचं. टॅपेट, पिकिंग नोज, क्रँकचे बुश, झिजलेले शाफ्ट. हल्ली मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर पांढऱ्या कापडावर एक पिस्तूल उघडून ठेवलेलं असतं आणि माल न्यायला आलेला माणूस दारातच थबकतो. म्हणून आधीच सांगतो. ते एअर पिस्तूल आहे, .१७७ बोअरचं, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा उडवणारं. माझ्या भाचीचं. ती १० मीटर नेमबाजी करते. ठरलेल्या ताकदीच्या आतल्या अशा हवेच्या पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. खऱ्या पिस्तुलाचं तसं नाही, आणि त्यावरून माझं एका मित्राशी चांगलंच वाजलं. ते पुढे येईलच.

भाचीचं पिस्तूल सेकंडहँड. ऑस्ट्रियात बनलेलं, पुण्यातल्या एका नेमबाजाकडून घेतलेलं. नवं घ्यायचं तर लाखाच्या वरची गोष्ट. घेताना मी पहिल्यांदा सिलिंडरवरची तारीख बघितली. त्यात २०० बारची हवा भरतात आणि कंपन्या साधारण १० वर्षांचं आयुष्य देतात. तारीख उलटली की सिलिंडर स्पर्धेत नेता येत नाही आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. कुणी जुनं एअर पिस्तूल घेणार असाल तर पॉलिश, ग्रिप, बॉक्स हे सगळं नंतर बघा, तारीख आधी. आमची तारीख चांगली होती, नळी चांगली होती. ट्रिगरची तक्रार मात्र भाची रेंजवरून घेऊन आली.

"मामा, हा कधीकधी मला न विचारता सुटतो."

हे वाक्य ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

१० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाने किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं. २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम. गंमत म्हणजे एअर रायफलला किमान मर्यादाच नाही, तिथे ट्रिगर अगदी नुसता बोट टेकल्यावर सुटणारा ठेवतात. पिस्तुलाची तपासणी साधी असते. हवा भरायची, कॉक करायचं म्हणजे आतली स्प्रिंग ताणून ठेवायची, नळी उभी धरायची, ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि जमिनीपासून अलगद उचलायचं. वजन वर आलं आणि पिस्तूल सुटलं नाही तर पास. तीन वेळा संधी देतात. ही तपासणी स्पर्धेआधी होतेच, पण शेवटची सिरीज संपल्यावरही चिठ्ठ्या काढून काही जणांना बोलावतात. तिथे वजन उचललं नाही तर मारलेले सगळे दहा गुणांचे शॉट पाण्यात जातात, नाव थेट यादीतून बाद. आमचं पिस्तूल कधी ५०० उचलायचं, कधी नाही. एखादं यंत्र कायम चुकत असेल तर मला त्याचा राग येत नाही, त्याचं कारण सापडतं. कधी बरोबर, कधी चूक, हे जे असतं ते वाईट.

पिस्तुलाच्या पोटात एक स्ट्रायकर असतो, स्प्रिंगने ताणलेला. तो सुटला की जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो, मोजकी हवा नळीत शिरते आणि छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटरच्या वेगाने निघतो. या स्ट्रायकरला अडवून धरणारा तुकडा म्हणजे सिअर. ऑटोलूमवर ताण्याचा एक धागा तुटला की त्याच्यावरची पातळ पत्र्याची पिन खाली पडते आणि अख्खा माग थांबतो; इथेही तसंच, जोर एकीकडे आणि त्याला रोखणारी चिमुकली कड दुसरीकडे. सिअरची ती कड स्ट्रायकरच्या खाचेत अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी टेकलेली असते. ट्रिगर दाबणं म्हणजे ती कड तेवढी सरकवणं. बस.

मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट स्प्रिंगविरुद्ध थोडं चालतं, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर आणखी थोडा भार दिला की सुटतं. ५०० ग्रॅमपैकी साडेतीनशे-चारशे पहिल्या टप्प्यात आणि उरलेले भिंतीवर, अशी वाटणी बरेच जण ठेवतात. नेमबाजाला ती भिंत दर वेळी त्याच जागी लागली पाहिजे. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. एका हातात, हात लांब करून, १० मीटरवरून. ट्रिगर नको तेव्हा सुटला तर हात तेव्हा कुठे होता हे समोरचं लक्ष्याचं कार्ड दाखवतंच.

भाचीच्या पिस्तुलात भिंतच राहिली नव्हती. बोट दाबत गेलं की लोण्यातून गेल्यासारखं कुठेतरी सुटायचं. मी सिलिंडर काढला, ग्रिप काढली, ट्रिगर युनिट बाहेर घेतलं आणि सिअरची कड १० पटीच्या लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली धरली. आधीच्या मालकाने, किंवा त्याच्या कुणा हुशार मित्राने, कडेला पॉलिश पेपर मारला होता. आरशासारखी चमकत होती. आणि गोल झाली होती.

ट्रिगर खरखरीत वाटला की घासून गुळगुळीत करायचा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. यातला धोका लेथवर काम करणाऱ्या माणसाला लगेच कळतो. सिअरसारखा तुकडा बऱ्याचदा वरून कडक केलेला असतो, आत पोलाद मऊच. ते कडक कवच फार पातळ असतं. घासून ते गेलं की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिले काही दिवस ट्रिगर लोण्यासारखा वाटतो, म्हणून माणूस खूश असतो. मग ती कड दर शॉटला थोडी थोडी दबत जाते. दुसरी गोष्ट कोनाची. कड आणि खाच यांचा कोन असा असावा लागतो की ताण आल्यावर सिअर खाचेत आणखी घट्ट बसेल. हाताने घासताना कागद जरा कलला तर कोन उलटा होतो. मग ताण सिअरला बाहेर ढकलायला लागतो आणि पिस्तूल धक्क्यानेही सुटू शकतं. "मला न विचारता सुटतो" म्हणजे नेमकं हेच.

माझ्याकडे सरफेस ग्राइंडर आहे, मायक्रोमीटर आहे, ऑइल स्टोन आहेत. शेजारचा शेडवाला म्हणाला, "मालक, एवढासा तुकडा, तुम्हीच बनवा की." आकार बनवला असता. पण मूळ पोलाद कुठल्या ग्रेडचं, कवच किती खोल, कितीवर टेम्पर केलंय हे तुकड्याकडे बघून सांगता येत नाही. मागाचा टॅपेट मऊ निघाला तर चादरीत डाग येतो, गिऱ्हाईक शिव्या देतं, आपण दुसरा देतो. इथे हा तुकडा एका पोरीच्या हातात असणार आणि शेजारच्या लेनवर दुसरी पोरं उभी असणार. मूळ कंपनीचाच सिअर, सोबत ट्रिगरच्या दोन्ही स्प्रिंगा आणि पिना मागवल्या. स्प्रिंग जुनी आणि सिअर नवा असं मी करत नाही. मग वजन कशामुळे हललं हे सापडत नाही.

पार्ट मागवणं हा वेगळाच तमाशा. नाव घेत नाही, पण एका विक्रेत्याने त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा सिअर पाठवला. बघायला हुबेहूब, फक्त पिनेचं भोक जरा मोठं. फोन केला तर म्हणतो, "साहेब, थोडा बुश मारून घ्या, बसतो." बसतो! बसायला काय, बैलगाडीचं चाक पण बसेल. परत पाठवला. बरोबर पार्ट यायला इतका वेळ लागला की भाचीने तोवर क्लबचं पिस्तूल वापरलं आणि त्याच्या ग्रिपने तिच्या अंगठ्याला घट्टे पडले.

बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग, त्यामुळे थोडक्यात. टेबलावर पांढरं कापड, कारण इथे काळ्या रबर शीटवर काळी स्प्रिंग उडाली की ती एमआयडीसीची झाली. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो. पिना काढायला पितळी पंच आणि नायलॉनची छोटी हातोडी, पिनेच्या मापाचाच पंच. पिन ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने परत जाते. नवा सिअर कोरडा पुसून लूपखाली बघितला, कडेला कुठे धातूची बारीक कुसळ राहिलेली नाही ना. मग पिनेवर बोटाने फिरवला. स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा, पण आजूबाजूला डुलायला नको. दोन्ही झालं.

तेलाबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण सोलापूरचा संबंध इथे येतो. शूटिंगची पुस्तिका जिथे छापतात तिथे धूळ नसते. आपल्याकडे उन्हाळाभर धूळ आणि मागाच्या शेडमधून उडणारी कापसाची बारीक रुई. ट्रिगरमध्ये तेल सोडलं की रुई त्यावर बसते, धूळ त्यावर बसते आणि महिन्याभरात काळी पेस्ट होते. ती पेस्ट सिअरच्या खाचेत गेली तर कड पूर्ण टेकतच नाही. म्हणून पिनांना सुईच्या टोकावर येईल एवढं तेल, सिअरच्या कडेला मॉलिब्डेनम ग्रीसचा ठिपका, बाकी कोरडं. आणि माझं ते टेबल आता शेडच्या आत नाही, काचेच्या ऑफिसात आहे. बायको म्हणते, इतकी वर्षं हिशेबाच्या वह्यांना एसी लावला नाही, पिस्तुलाला लावला.

खरं काम बसवल्यानंतर सुरू होतं. आधी सिलिंडर न लावता, छर्रा न घालता, वाळूच्या पेटीकडे तोंड करून. कॉक केलं, पहिला टप्पा भिंतीपर्यंत दाबला आणि सोडला. ट्रिगर पूर्ण पुढे आला पाहिजे. मग भिंतीवर थोडा भार देऊन, सुटायच्या आत बोट काढलं. ही तपासणी बहुतेक लोक करत नाहीत. अर्धवट सरकलेला सिअर बोट काढल्यावर परत पूर्ण खाचेत गेला पाहिजे. तो तिथेच काठावर लटकत राहिला, तर पुढचा नेमबाज नुसतं बोट टेकवेल आणि शॉट जाईल. नेमबाज शॉट आवडला नाही की हात खाली घेतात, दर सिरीजला घेतात. त्यामुळे ही स्थिती रोजची आहे. नंतर कॉक करून ग्रिपवर तळहाताने, मग रबरी हातोडीने आपटलं. सुटलं नाही. जुन्या सिअरवर हेच करून बघितलं होतं तेव्हा सुटलं होतं.

वजन लावायची वेळ आली तेव्हा नवा सिअर, नव्या स्प्रिंगा आणि कंपनीच्या खुणेवर ठेवलेले स्क्रू असूनही ५०० उचललं नाही. घाबरायचं कारण नव्हतं, स्क्रू नव्या स्प्रिंगेप्रमाणे परत लावावे लागतात. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरी, मग वजन, मग वहीत नोंद. दोन स्क्रू एकदम फिरवणारा माणूस रात्री घरी जात नाही. शेवटी मी ५२० च्या आसपास ठेवलं. भाचीला ५०१ हवं होतं. सगळ्या पोरांना ५०१ हवं असतं. मी म्हटलं, बाई, बालेवाडीच्या रेंजवर तपासणीच्या टेबलाशी वजन उचलणारा माणूस तुझ्या मामाइतक्या प्रेमाने उचलणार नाही. हाताला जरा झटका बसला की ५०१ चा ट्रिगर सुटतो. ते वीस ग्रॅम बोटाला कळत नाहीत, तपासणीला कळतात. स्क्रू आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद लावला, लाल नाही. लाल लावलं की पुढच्या वेळी स्क्रू काढायला गॅस लागतो.

सेफ्टीचा प्रश्न सगळेच विचारतात. मॅच एअर पिस्तुलावर, खटका वर केला की झालं सुरक्षित, अशा खटक्यावर कुणी विसंबत नाही. रेंजवर विसंबतात ते सेफ्टी फ्लॅगवर. भगव्या भडक रंगाची दोरी, नळीच्या एका टोकातून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली, दुरून दिसणारी. दोरी दिसली म्हणजे नळीत छर्रा नाही. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात झिजणारा भागच नाही.

आणि पार्ट तुटला तर काय होतं हे सगळ्या देशाने बघितलंय. टोकियो ऑलिंपिकला २०२१च्या जुलैत नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर १० मीटरच्या पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत वेळ गेला, घड्याळ थांबत नाही. ६० शॉट आणि ७५ मिनिटं असा तो हिशेब. ५७५ मारून ती १२वी आली, अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. २०२४ला पॅरिसला त्याच प्रकारात कांस्य घेतलं. भाचीच्या कपाटावर तिचा फोटो आहे, माझ्या डोक्यात तो लिव्हर. तेव्हापासून आमच्या बॉक्समध्ये स्प्रिंगा, पिना, ओ-रिंगा आणि ॲलन की यांचा डबा असतो.

आता मित्राचं. शाळेतला. मोहोळकडे शेती, सोलापुरात माग. शेतावर एकटा असतो म्हणून त्याच्याकडे लायसन्सचं .३२ पिस्तूल आहे. माझ्या टेबलावरचं बघून त्याला वाटलं, झालं, आपलं काम घरातच. कागदात गुंडाळलेला एक सेफ्टीचा खटका घेऊन आला, कुठून आणला देव जाणे. सेफ्टी ढिली झालीय, हा बसव, आणि ट्रिगर पण जरा हलका कर.

मी म्हटलं, नाही.

"करून दे की बे. कोण बघतंय!"

बघण्याचा प्रश्न नाही. पिस्तुलाचं लायसन्स त्याच्याकडे आहे, दुरुस्तीचं माझ्याकडे नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ दुरुस्तीलाही लायसन्स मागतं. ते मोडलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. टॅपेटच्या धंद्यात एवढा नफा नाही. पण खरं सांगायचं तर कायदा नसता तरी मी तो खटका बसवला नसता, आणि त्याला हे पटवायला मला अर्धा तास लागला.

त्याच्या पिस्तुलाचं पोट मी उघडलेलं नाही, म्हणून त्याला उदाहरण दिलं ते '१९११' नावाच्या पिस्तुलाचं. जॉन ब्राउनिंगने बनवलेलं, अमेरिकेच्या सैन्याने १९११ सालीच घेतलेलं आणि १९८५पर्यंत वापरलेलं. त्याची ड्रॉइंगं मशीनवाल्यांत इतकी फिरली आहेत की माझ्यासारख्या हात न लावलेल्या माणसालाही त्याचं पोट पाठ असतं. त्यात अंगठ्याचा खटका वर केला की आतला एक छोटा उंचवटा सिअरच्या मागे येऊन बसतो आणि सिअरला हलूच देत नाही. नवा खटका मुद्दाम थोडं जास्त धातू ठेवून येतो, कारण प्रत्येक पिस्तुलाचं भोक आणि पिन थोडी वेगळी. तो त्या एका पिस्तुलाला लावून, किंचित किंचित घासून बसवायचा असतो. एक फटका जास्त बसला की काय होतं? खटका वर जातो. टक आवाज येतो. वरची स्लाइड अडकते. सगळं बरोबर दिसतं. पण सिअर आणि उंचवटा यांत केसभर फट राहिलेली असते. सेफ्टी लावलेली असताना कुणी ट्रिगर ओढला तर सिअर त्या फटीएवढा सरकतो, काठावर जाऊन थांबतो. नंतर कधीतरी सेफ्टी खाली केली की घोडा, म्हणजे मागचा हॅमर, पडतो. ट्रिगरला तेव्हा कुणाचं बोटही नसतं.

म्हणून जाणकार कारागीर पिस्तूल रिकामं करून हीच तपासणी करतो. सेफ्टी वर, ट्रिगर ओढ, सोड, सेफ्टी खाली, आणि घोड्याकडे बघ, कान दे. घोडा जरा जरी हलला किंवा बारीक टिक आली तर तो खटका भंगारात. त्याच पिस्तुलाच्या मुठीमागची सेफ्टी सिअरला अडवतच नाही, ती फक्त ट्रिगरला अडवते. दिसायला दोन्ही सेफ्टीच. कुठली काय अडवते हे माहीत नसताना कागदातला पार्ट ठोकून बसवायचा आणि वर ट्रिगर हलका करायचा, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी कुंपण कापणं.

तो चिडला. म्हणाला, भाचीचं करतोस, माझं होईना. मी म्हटलं, तिचा छर्रा कार्डाला भोक पाडतो. आणि तिच्याही पिस्तुलात मी काही घासलेलं नाही, मूळ पार्ट आणून लावलाय. त्याने खटका परत कागदात गुंडाळला आणि चहा न घेता गेला. सोलापुरात चहा न घेता जाणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको.

नंतर तो पुण्याला दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या कारागिराकडे गेला. त्याने पिस्तूल उघडलं, सेफ्टीला धरून ठेवणारी स्प्रिंग थकलेली होती ती बदलली, खटका मूळचाच ठेवला, पावती दिली. ट्रिगर हलका करायला नाही म्हणाला. हे मित्राने स्वतः येऊन सांगितलं, बिस्किटाचा पुडा घेऊन. टॅपेटचे पैसे मात्र अजून दिलेले नाहीत.